समुद्रावर पट्टा लावायचा नसतो

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल, त्याने खुशाल खोटी म्हणावी. गाडी मी चालवत होते, तो नव्हता.

मी उर्वे. एस्टोनियाच्या पश्चिमेला एक लहानसं बेट आहे, तिथे माझं किराणा दुकान. भुताखेतांच्या गप्पा मारत गल्ल्यापाशी रेंगाळणाऱ्यांना मी आजवर हाकलूनच लावलंय. ब्रेड घ्या आणि चालू लागा, म्हणून.

आता मीच सांगायला बसलेय.

रात्र नव्हती. फेब्रुवारीतली दुपार होती. अंधार पडायला अजून वेळ होता आणि समुद्रावरचा रस्ता सुरू होता.

थंडी कडाक्याची पडली की आमचं बेट आणि समोरचा किनारा यांच्यामधलं पाणी गोठतं. मग बर्फाची जाडी मोजतात, दोन्ही बाजूंनी झुडपांच्या हिरव्या फांद्या रोवतात आणि गाड्या सोडतात. या रस्त्याच्या फाटकावरचा काल्यू प्रत्येकाला तेच ऐकवतो. सीटचा पट्टा सोडा. मध्ये थांबू नका. एकतर अगदी हळू चालवा नाहीतर जोरात, मधल्या वेगाने बर्फाखाली लाट उठते.

पट्टा का सोडायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बर्फ फुटलाच, तर गाडीतून बाहेर पडायला फार वेळ मिळत नाही.

तानेललाही कळत होतं.

तानेल माझा भाचा. माझ्या थोरल्या बहिणीचा, हेल्वीचा, एकुलता एक मुलगा. एका मार्चमध्ये, रस्ता बंद व्हायच्या आदल्या दिवशी, त्याची गाडी याच बर्फाखाली गेली. शोधायला पाण्यात उतरलेल्यांना तो सापडला तेव्हा गाडीचं दार उघडं होतं.

आणि पट्टा... लावलेला होता.

सगळं बेट एकच विचारत राहिलं. आपल्यातला पोरगा, आणि समुद्रावर पट्टा लावून?

हेल्वी कुणाला काही बोलली नाही. मला तेवढं सांगितलं. शहरात त्याचा एक मित्र अपघातात गाडीबाहेर फेकला गेला होता. तेव्हापासून तिने त्याच्यामागे भुणभुण लावली होती, पट्टा लाव, पट्टा लाव. त्या दिवशीही तो निघताना फोनवर तेच.

"ऐकलं गं त्याने माझं," ती म्हणाली. "जन्मात एकदाच ऐकलं."

मी नुसती तिचा हात धरून बसले होते.

त्यानंतर ती बर्फावरून कधी गेली नाही. हिवाळ्यातही बर्फ फोडत जाणाऱ्या बोटीनेच जायची. पण त्या फेब्रुवारीत बोट बिघडली आणि नेमकी तिची दाढ सुजली. दोन रात्री कण्हत काढल्यावर तिसऱ्या दिवशी ती गालाला मफलर बांधून दुकानात आली.

"चल," म्हणाली. "ने मला दाढवाल्याकडे."

"बर्फावरून?"

"मग काय, उडत नेणारेस?"

फाटकावर काल्यूने खिडकीतून डोकं आत घातलं. "काय उर्वेबाई, गाडी धुतली नाहीस वाटतं हिवाळाभर?" मग त्याला शेजारी हेल्वी दिसली. त्याने टोपी काढली. पट्टे सोडा, एवढंही त्याच्या तोंडून निघेना.

मीच माझा सोडला.

खट्.

हेल्वीने तिचा सोडला.

खट्.

पट्टा नसला की गाडी ओरडते, हे तुम्हाला माहीत असेल. पीं... पीं... पीं... बर्फावर आम्ही सगळेच ते ऐकत जातो. एखादं किरकिरं पोर मागे बसल्यासारखं वाटतं. मी रेडिओ मोठा केला आणि निघाले.

पहिला अर्धा रस्ता काही झालं नाही. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं. पुढे एक ट्रक, पार लांब. हेल्वी गालावर हात ठेवून समोर बघत होती. कुठे घडलं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं. मी बडबड करत होते, लोण्याचे भाव, काल्यूची बायको, काहीही. तिचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून.

मग पीं पीं थांबलं.

मी समोरच्या दिव्याकडे पाहिलं. पट्ट्याचा लाल दिवा... विझला होता.

माझा पट्टा तर सुटलेलाच होता, म्हणजे दिवा लागलेलाच हवा होता. थंडीने बिघडलं असेल काही, असं म्हणून मी शेजारी बघितलं.

हेल्वीने स्वतःचा पट्टा लावला होता.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? काढ तो आधी!"

"नाही काढणार."

"हेल्वी!"

"त्याला कसं वाटलं असेल, ते बघू दे मला. तू गाडी चालव."

मला थांबता येईना. हात सोडून तिचा पट्टा ओढता येईना. नुसती ओरडत होते. ती ढिम्म.

आणि मग...

खट्.

तिचा पट्टा सुटला.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. माझे दोन्ही स्टिअरिंगवर. तो पट्टा सरसर वर गेला, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

तिने तो पुन्हा ओढून लावला.

खट्... पुन्हा सुटला.

या वेळी तिने तो लावला आणि ते बक्कल दोन्ही मुठींत गच्च धरून ठेवलं. मला वाटलं, आता सुटणार नाही.

"उर्वे," ती हळूच म्हणाली. "बोटं आहेत गं. माझ्या बोटांच्या खाली. गार आहेत."

खट्.

हेल्वी घाबरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधीच विसरणार नाही. रांगतं पोर आपणहून कुशीत आल्यावर आईचं होतं, तसं तोंड झालं होतं तिचं. मग ते एकदम कोसळलं.

"अरे, मग स्वतःचा का नाही सोडलास?" ती रडायलाच लागली. "सांग ना मला! माझा तीनदा सोडलास. स्वतःचा का नाही सोडलास रे, तानेल?"

काहीच आवाज नाही. रेडिओही कधी बंद पडला होता कुणास ठाऊक. खाली बर्फ तेवढा कण्हत होता.

भीतीने माझा पाय हलका पडला होता. वेगाचा काटा नेमका त्या मधल्या वेगावर आला होता. गाडीखालून एक लांब, जड दणका गेला. मी भानावर आले आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबला.

तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला.

सर्रर्र...

पट्टा ओढल्याचा. सावकाश.

आणि मग खट्. लागल्याचा.

मी आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं. पण मधल्या सीटचा पट्टा खेचलेला होता, बक्कलात अडकलेला. आणि तो सीटला टेकला नव्हता. पुढे फुगून थांबला होता... आत छाती असावी तसा.

हेल्वीने मागे वळून पाहिलं. "नको रे," म्हणाली. "नको बाळा, तो नको लावूस. मी चुकीचं सांगितलं होतं. काढ तो."

तो सुटला नाही.

मग ती दोन सीटांच्या मधून मागे वाकली आणि त्या बक्कलाशी झटापट करायला लागली. लाल बटण दाबत होती, ओढत होती, नखं खुपसत होती. "थांब हं. थांब, सोडवते. झालंच." लहानपणी त्याच्या बुटाची नाडी अडकली की बोलायची, अगदी तसं.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. समोरच्या फांद्या नीट दिसत नव्हत्या. मी तशीच चालवत राहिले. दुसरं काय करणार होते?

पलीकडच्या किनाऱ्यावर चाक चढलं, त्याच क्षणी पट्टा सैल पडला. बक्कलातून आपोआप निघून सीटवर आडवा झाला.

पीं... पीं... पीं... गाडी पुन्हा ओरडायला लागली.

हेल्वी तशीच वाकून होती. तिची दोन नखं मुळापासून उचकटली होती आणि सीटवर रक्त सांडलं होतं. ते खोटं कसं म्हणू? मीच साफ केलं. बक्कलाची खाच तेवढी पाण्याने ओली होती, आणि हेल्वीने तिथे बोट टेकवून ते चाटलं. "खारट आहे," म्हणाली.

दाढवाल्याने दाढ काढली. तिने हूं की चूं केलं नाही.

गाडी मी गॅरेजमध्ये दाखवली. काही बिघाड नाही म्हणाले. हेल्वी मात्र रोज माझ्या अंगणात येऊन त्या गाडीत बसायला लागली. तासन् तास. जेवायला हाक मारली तरी येईना. काहीच घडायचं नाही.

"जमिनीवर नाही येत तो," एक दिवस ती म्हणाली. "तो तिथेच बसलाय."

त्या आठवड्यातच थंडी उतरली आणि रस्ता बंद झाला. पुढचे काही हिवाळे समुद्र गोठलाच नाही. नुसता चिखलासारखा बर्फ, आणि खाली काळं पाणी. हेल्वी रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. लोक हळहळायचे, काल्यू तिला गरम कॉफी नेऊन द्यायचा. मी मात्र, देवा, मनातल्या मनात म्हणायचे, नको गोठूस, नको गोठूस.

यंदा गोठलाय.

काल फाटकाचं काम सुरू झालं. संध्याकाळी हेल्वी दुकानात आली. किती दिवसांनी तिने ठेवणीतला कोट घातला होता, केस नीट विंचरले होते. पिशवीतून एक वाकड्या पात्याची सुरी काढून तिने गल्ल्यावर ठेवली. कोळी जाळी कापायला वापरतात, तसली.

"पट्टा एका झटक्यात तुटतो हिने," ती म्हणाली. "घरी जुन्या पट्ट्यावर करून बघितलं."

मी सुरी परत तिच्याकडे सरकवली.

"या वेळी मी मागे बसणार, त्याच्या शेजारी," ती म्हणाली. "तू फक्त हळू चालव, उर्वे. मागच्या वेळी फार घाई केलीस. मला वेळ पुरला नाही."

रविवारी रस्ता उघडतोय. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही.

नाही म्हणायलाही जमलेलं नाही.