ठमीचा डबा

माझ्या कुत्रीचं जेवण एक धडधाकट माणूस चमच्याने खात बसला होता. मिटक्या मारत!

प्रेमात पडताना मुली लाजतात म्हणे. ज्या लाजत असतील त्या लाजोत. मी कारखानाभर ऐकू जाईल अशी ओरडले, "ओ पॉलिशवाले! ठेवा तो चमचा!"

आमचा सोफ्यांचा कारखाना. मी कव्हरं शिवते आणि माझी म्हातारी ठमी दिवसभर मशीनखाली पसरलेली असते. तिचं पोट नाजूक, म्हणून जेवण मी घरी करते. बिनहाडाचं चिकन उकडायचं, भात, लाल भोपळा, सगळं एकत्र कुस्करायचं. मीठ नाही, मसाला नाही. डबा कारखान्याच्या फ्रीजमध्ये. पॉलिशवाला नवीनच लागलेला, पापण्यांवर लाकडाचा भुसा घेऊन हिंडणारा. आजवर एक शब्द बोललो नव्हतो.

"हे... तुमचं आहे?" घास गालातच राहिला.

"माझ्या कुत्रीचं आहे!"

त्याने डब्याकडे पाहिलं. ठमीकडे पाहिलं. गिळावं की थुंकावं — बिचाऱ्याला ठरेना. शेवटी गिळलं.

"वाईट नव्हतं," तो म्हणाला.

मला हसू आलं असतं. पण माझ्या हातातही एक रिकामा डबा होता. स्टीलचा, निळ्या कडीचा, हुबेहूब तसाच. सुतारकाकांशी भांडता भांडता, न बघता, आत्ताच ठमीच्या ताटलीत उपडा केलेला. आणि कधी नव्हे ते तिने ताटली चाटूनपुसून...

"तुमच्या डब्यात काय होतं?"

"चिकनभात. मीठ नाही, ब्लडप्रेशर आहे ना मला. या वयात! मीठ बंद झालं म्हणून आत्या चवीला कांदा दुप्पट घालते."

कांदा.

कुत्र्याला कांदा म्हणजे विष. आतल्या आत रक्त नासवतो. "कांदा चालत नाही हिला..." एवढंच तोंडातून फुटलं. "मरेल ती."

त्याने एकही प्रश्न विचारला नाही. ठमीला उचललं, सोफे पोचवायच्या टेम्पोकडे धावला आणि उलट माझ्यावरच खेकसला, "बघताय काय? चढा!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फटकळ. "कांदा कुठल्या शहाण्याने घातला?"

"मी," पॉलिशवाला म्हणाला.

मी थक्क! "खोटं बोलू नका. मी घातला."

"डबा माझा होता."

"हात माझे होते! माझी चूक दुसऱ्याने उचललेली मला खपत नाही."

"नवराबायकोची भांडणं घरी," म्हणत बाईंनी ओकारी काढायची सुई टोचली. आम्ही दोघंही लालबुंद... आणि ठमी ओकली. सगळं. पॉलिशवाल्याच्या शर्टावर.

तो हसला! मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. असतात अशी माणसं?

"लवकर आणलीत," बाई म्हणाल्या, "पण धोका टळलेला नाही. रोज हिरड्या बघा. पांढऱ्या पडल्या तर धावत या."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात हा. बगलेत भोपळा.

मग रोजच. मी ठमीचा जबडा धरायची, तो अंगठ्याने तिचा ओठ वर करायचा. त्याचं बोट माझ्या बोटाला टेकायचं... आणि दोघांपैकी कुणीच हात हलवायचं नाही. नंतर तिचं जेवण करायला मदत.

"भोपळ्याच्या एवढ्या मोठ्या फोडी? कुत्री आहे, म्हैस नाही!"

"तुम्हाला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही का?"

"नाही."

"बरं... चालू द्या. सवय होतेय."

आणि मग एका सकाळी हिरड्या फिकट दिसल्या. तिला उचलून आम्ही धावत दवाखाना गाठला. त्याने माझा हात धरला, घट्ट, आणि डॉक्टरीणबाई रक्त तपासून बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

"रक्त थोडं उतरलंय, भरून येईल," बाई म्हणाल्या. "वाचली तुमची म्हातारी."

त्या आत गेल्या. त्याने हात सोडला. भुसकट लागलेल्या पापण्या खाली गेल्या.

"म्हणजे आता... मी सकाळी यायची गरज नाही."

मला रागच आला. "गरज बघून येत होतात?"

"मग कशासाठी येऊ?"

"माझ्यासाठी या की! सगळं मीच बोलायचं का?"

बोलून गेले आणि गार पडले. हे मी बोलले? मी?

त्याने पापण्यांवरचा भुसा पुसला. मग हळूच म्हणाला, "आत्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय... एक मुलगी आवडलीय म्हणून."

"पहिल्या दिवशी? मी ओरडले तेव्हा?"

"तेव्हाच."

आता आ वासायची पाळी माझी. "मग... काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, तिला विचारलंस का? तेवढंच राहिलंय..."

"हो!" मी ओरडले. इतक्या जोरात, की बाकावर बसलेल्या आजोबांच्या मांडीवरून त्यांचं मांजर उडून थेट कपाटावर.