कुमसाच्या बाभळीचे कोष

त्या वर्षी कलहारीत पाऊस असा कोसळला, की बाभळीबाभळीला पतंगांचे कोष लटकले. मागोमाग खाणारेही जमले. पक्षी कोष टोचत, गांधीलमाश्या भोकं पाडून आतली अळी पोखरत. चुकोला धड कोष हवे होते. तिची नात सागाय तापाने फणफणली होती. मेलेल्याला आपल्या माणसांची आठवण आली की तो ताप धाडतो, हे तिथे शेंबडं पोरही जाणतं. तो उतरवायला संध्याकाळी चुकोचा मुलगा, सागायचा बाप बो नाचणार होता, आणि पायांत कोषांच्या चाळांशिवाय नाच कसला? तिच्यासारखे चाळ साऱ्या मुलखात कुणी ओवत नाही, असं चुको स्वतःच सांगत फिरे.

दिवस कलला तरी कोष पुरेनात. शेवटी ती इतका वेळ टाळलेल्या बाभळीपाशी आली आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. झाड कोषांनी लगडलं होतं, पण एकालाही भोक नव्हतं. ना पक्षी, ना माशी. बुंध्याशी तिचा नवरा कुमसा पुरलेला होता.

“अस्सं! माझ्यासाठी राखलेस होय?” ती कुजबुजली. “पोरीला न्यायचा बेत आहे ना, म्हाताऱ्या? लाज नाही वाटत? नाचायचं तर ये... तिला हात लावायचा नाही.”

वारा पडला होता, तरी एक कोष हलला. तिने ओंजळभर तोडले, पोकळ करून शहामृगाच्या अंड्याच्या कवचाच्या कपच्या भरल्या आणि ओवले.

बो नाचता नाचता भान हरपून कोसळला. चाळ मात्र वाजतच राहिले... कुमसाच्या ठेक्यात. टाळ्या देणाऱ्या बायका थिजल्या.

“थांबू नका गं!” चुकोचा ऊर भरून आला. “माझा माणूस नाचतोय. मेला तरी ठेका चुकत नाही मेल्याचा!”

उजाडताना सागायचा ताप उतरला. बो वाळूतली पावलं वाचत होता. त्याच्या पावलांशेजारी दुसरी होती, डाव्या पायाला अंगठा नसलेली.

“बाबांचीच,” तो म्हणाला. “सागायच्या झोपडीत गेलीत, आई.”

“मग?”

“बाहेर... आलेली नाहीत.”

आता सागाय मोठी झालीय. बापापेक्षाही सरस नाचते, आणि चुको ते छाती फुगवून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. फक्त पोरगी ओल्या वाळूवरून चालून गेली, की बो यायच्या आत चुको फांदी घेऊन तिची पावलं, आधी डावी, पुसून टाकते.