दोन बोटं वर

ही घटना खरी आहे. प्रतिमा ती रंगवून सांगत नाही. फारच विचारलं तर तारीख, वेळ आणि अंतर तेवढं सांगते आणि गप्प होते. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच सोडून द्यावं.

मागच्या डिसेंबरमधला दुसरा मंगळवार. संध्याकाळचे पावणेसात. जानेफळहून मेहकरकडे येणारा रस्ता.

प्रतिमा जानेफळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. राहायला मेहकरला. प्रॅक्टिकलची शेवटची बॅच सहाला सुटते आणि डिसेंबरात त्यानंतरचा सगळा रस्ता अंधारातच काढावा लागतो. तिच्या जुन्या गाडीचे हॅलोजन दिवे इतके मिणमिणते झाले होते, की चाक गेल्यावर कळायचं इथे खड्डा आहे.

म्हणून आदल्या रविवारी तिने एलईडी बल्ब बसवून घेतले.

बसवले कडूबाने. मेहकरला बसस्टँडमागे त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्याची पद्धत ठरलेली. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची. भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूने आडवी रेघ मारायची. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दोन बोटं खाली आली, की स्क्रू घट्ट.

प्रतिमा म्हणाली, "कडूबाभाऊ, खाली नको. दोन बोटं वर ठेवा."

"वर काऊन, मॅडम? समोरच्याच्या डोयात जाईन ना."

"मला लांबचं दिसायला हवं. दोन बोटांनी काय होतंय?"

कडूबाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. बाई कॉलेजात शिकवणारी, आणि शिकवते तेही उजेडच. त्याने स्क्रू वरच्या बाजूला फिरवला.

सोमवारी येताना रस्ता दिवसासारखा दिसला. ती खूश होती.

मंगळवारी तसं झालं नाही.

वाटेत एक जुना, अरुंद पूल आहे. एका वेळी एकच गाडी जाते. प्रतिमा पुलाच्या साधारण दीडशे मीटर अलीकडे होती, तेव्हा पलीकडून एक दिवा दिसला.

एकच. पिवळा. म्हणजे मोटारसायकल.

त्याने डिपर दिला. दिवा खालीवर करून खूण केली...

लहान... लहान... लांब.

तुमचा दिवा खाली घ्या, डोळ्यांत जातोय. रस्त्यावरच्या कोणालाही कळेल अशी ती खूण. प्रतिमाचा हात स्टिअरिंगजवळच्या दांडीकडे गेला.

दिवा आधीच खाली होता. आणखी खाली घ्यायला काही उरलंच नव्हतं.

लहान... लहान... लांब.

आणि पिवळा दिवा नाहीसा झाला.

तिने गाडी थांबवली. काच खाली केली. तुरीच्या शेतावरून गार वारा येत होता. लांब कुठल्यातरी विहिरीवर मोटर चालू होती. बाकी काही नाही. मोटारसायकलचा आवाज नाही. पडल्याचा नाही. कण्हण्याचा नाही.

ती पुलापर्यंत गेली. मोबाईलच्या उजेडात खाली पाहिलं. दगड, वाळलेलं गवत, ओंजळभर पाणी.

कोणीही नव्हतं.

घरी तिने नवऱ्याला, आल्हादला, सांगितलं. तो हसला. भौतिकशास्त्राच्या बाईंना भुतं दिसायला लागली, म्हणाला, आणि ताट घ्यायला उठला.

प्रतिमा जेवली नाही. तिने एका जर्नलच्या मागच्या पानावर गणित मांडलं. दोन बोटं म्हणजे चार सेंटिमीटर. भिंत साडेसात मीटरवर. मग दीडशे मीटरवर ती दोन बोटं किती होतात?

ऐंशी सेंटिमीटर.

दिव्याची उंची पासष्ट. एकूण एकशे पंचेचाळीस.

मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात.

हे गणित ती दर वर्षी मुलांना शिकवते. रविवारी भिंतीसमोर उभी असताना तिला ते आठवलं नव्हतं.

बुधवारी सकाळी जाताना ती पुलाजवळ थांबली. शेजारच्या हरभऱ्यात पुष्पाबाई नावाच्या म्हाताऱ्या खुरपत होत्या. त्यांना विचारलं, काल संध्याकाळी इथे कोणी पडलं का? पुष्पाबाईंनी मान हलवली. काल कोणी पडलं नव्हतं. ती माघारी वळल्यावर त्या मागून म्हणाल्या, "काल काय, बाई, मी लग्न होऊन आली तईपासून या पुलावर कोणीच मेलं नाई."

तिला बरं वाटायला हवं होतं.

वाटलं नाही. मग तो दिवा होता कोणाचा?

त्या संध्याकाळी ती मुद्दाम पुलाच्या दीडशे मीटर अलीकडे थांबली. घड्याळात सहा चव्वेचाळीस. ती वाट पाहत राहिली.

दिवा आला. लहान... लहान... लांब.

तिने आपले दिवे बंद केले.

पलीकडचा पिवळा दिवा स्थिर झाला. शांत. एकदाही हलला नाही.

तिने दिवे लावले. लहान... लहान... लांब.

बंद केले. पुन्हा स्थिर.

कोणताही प्रयोग तीनदा करायचा, ही तिची शिस्त. तिसऱ्यांदा तिने दिवे बंद केले, तेव्हा पिवळा दिवा हलला.

तो पुढे येऊ लागला. पुलावर चढला. इंजिनाचा आवाज नाही. खडीवरून चाक फिरल्याचा आवाज नाही. नुसता दिवा, माणूस सावकाश गाडी चालवेल तसा, तिच्याकडे येत होता...

तिने दिवे लावले.

पूल रिकामा होता.

ती थेट कडूबाच्या दुकानात गेली. दिवे आत्ताच्या आत्ता खाली घ्या म्हणाली. कडूबाने काही विचारलं नाही. गाडी उभी केली, रेघ मारली, स्क्रू फिरवला. उजेड रेघेच्या दोन बोटं खाली आला. मग हात पुसत तो सहज बोलून गेला.

"तुमी खाली घेतला, पन लोकायले आता वरच पायजे. तुमच्यानंतर सात गाड्या तशाच लावल्या मी. सगळ्यायले सांगतो ना, कालेजच्या मॅडमचं माप हाये."

कोणाकोणाच्या, प्रतिमाने विचारलं.

सातही गाड्या परत बोलवा, पैसे मी देते, असं तिने सांगितलं. सहा ओळखीच्या होत्या. सातवी बाहेरगावची, पांढरी, रस्त्याने जाता जाता थांबलेली. तिचा नंबर कोणी घेतला नव्हता.

कडूबाने शटर ओढायला घेतलं. त्या गाड्या गाठायच्या म्हणून आज लवकरच बंद करतो म्हणाला. त्याने आपली मोटारसायकल बाहेर काढली. तिला अजून जुनाच पिवळा बल्ब. जगाला एलईडी आणि स्वतःला हा, असं प्रतिमा काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"मले पिवयाच बरा," तो हसून म्हणाला. "या उजेडात माणूस माणसासारखा दिसते."

किल्ली फिरवून त्याने सवयीने बटण दाबलं. समोरच्या खडूच्या रेघेवर पिवळं वर्तुळ पडलं.

लहान... लहान... लांब.

"हे असं का करता?" तिने विचारलं.

"आदत हाये. पुलावर चढताना देतो. घर तिकडंच हाये ना माहं, जानेफळ रस्त्याले, पुलाच्या पल्याड."

"काल पावणेसातला तुम्ही पुलावर होता?"

"पावणेसातले? मंग दुकान कोन पाहीन? आठच्या आत मी इथून हालत नाई."

तिने पाहिलेलं त्याला सांगितलं नाही. जिवंत माणसाला असं काय सांगणार? एवढंच म्हणाली, की ती सातवी गाडी सापडेपर्यंत मोटारसायकल घेऊन जाऊ नका. त्याने ते हसण्यावारी नेलं. मग निदान रोज घरी पोचल्यावर फोन करा. याला मात्र तो कबूल झाला.

आठवड्याभरात सहा गाड्या येऊन गेल्या. सातवी आली नाही.

प्रतिमाच्या गाडीचा उजेड आता रस्त्यावरच पडत होता, कोणाच्याही डोळ्यांत जात नव्हता. तरी रोज पावणेसातला पुलापलीकडे तो दिवा दिसायचा आणि डिपर द्यायचा. रोज साडेआठला कडूबाचा फोन यायचा. पोचलो, मॅडम. मग ती जेवायला बसायची.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी पुलावर दिवा आला नाही.

ती दहा मिनिटं थांबली. मग पंधरा. अंधार, वारा, विहिरीवरची मोटर...

दिवा नाही.

आल्हाद त्या दिवशी अकोल्याला गेला होता. ती समोरच्या खोलीत, पांढऱ्या ट्यूबखाली, फोन हातात धरून बसली. साडेआठ झाले. आठ पस्तीस. आठ चाळीस.

तिने स्वतःच फोन लावला. रिंग जात राहिली...

"हाव मॅडम. पोचलो. जेवून राह्यलो. फोन करायचा भुललो."

तिचे डोळे भरून आले. ती काही बोलणार, तेवढ्यात समोरच्या भिंतीवर पिवळं वर्तुळ पडलं.

लहान... लहान... लांब.

"कडूबाभाऊ, तुमची गाडी कुठे आहे?"

"दारात हाये. माह्या समोरच. काऊन?"

गल्लीत कुठल्याही गाडीचा आवाज नव्हता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

लहान... लहान... लांब.

प्रतिमा उठली. खिडकीकडे गेली नाही. ती बटणाजवळ गेली आणि तिने ट्यूब बंद केली.

भिंतीवरचा उजेड स्थिर झाला. क्षणभर तसाच राहिला. मग हळूच खाली सरकला...

दोन बोटं.

आणि विझला.

सातवी गाडी अजून सापडलेली नाही. कडूबाचा फोन रोज येतो. तो येईपर्यंत प्रतिमाच्या समोरच्या खोलीत दिवा लागत नाही.