पिठाची गोळी

या, असे जवळ सरकून बसा. एका प्रेमाची गोष्ट सांगायची आहे. गोड आहे, पण ऐकताना मन जरा घट्ट करा.

पाऊस असा की छत्री असून नसल्यासारखी. इस्पितळातल्या औषधाच्या खिडकीशी एक निथळता तरुण आला नि आतल्या औषधवालीकडे पाहतच राहिला.

"काय झालं?"

"दांडी वाकडी आहे तुमच्या चष्म्याची. द्या इकडे... धंदाच आहे माझा." त्याने बोटांनी दांडी वळवून चष्मा परत दिला. "घ्या. आता जग सरळ दिसेल."

"जग सरळ असेल तर ना!" ती म्हणाली, नि हसू ओठांतच दाबलं.

असा तो चष्मेवाला. आतड्यातली कर्करोगाची गाठ काढून झाली होती; आता धास्ती एकच, रोग दुसरीकडे पसरण्याची. सांधेदुखीवरची एक जुनी, स्वस्त गोळी ते पसरणं रोखते का, हे डॉक्टर पाहत होते. निम्म्या रोग्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच पिठाची. कुणाला कोणती, ते ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरांना. ठाऊक फक्त डब्या भरणाऱ्या औषधवालीला.

आणि चष्मेवाल्याची होती पिठाची.

"महिन्यातून एकदाच काय देता औषध? रोज द्या की," तो म्हणायचा.

"मागे रांग खोळंबलीय," ती म्हणायची — नि आपणच आणखी काहीतरी विचारायची.

हळूहळू त्याची डबी भरताना तिचा हात जड होऊ लागला. दोन बरण्या शेजारी शेजारी! एकदा तर खरी गोळी चिमटीत आलीही... देवाचं नाव घेऊन तिने ती परत टाकली.

मग आला तो कुंद दिवस. चष्मेवाल्याच्या पुढे एक निवृत्त मास्तर उभे होते.

"उपाशीपोटी घेतलीत? मास्तर, पोट जाळून घ्यायचंय का? दोन घास खाल्ल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही!" हे ती सगळ्यांनाच बजावायची, तसा नियमच होता.

पाठोपाठ चष्मेवाला आला. गालफडं बसलेली. "मला तर हल्ली घासच उतरत नाही हो."

तिचा जीव कळवळला. "मग राहू दे जेवण. नुसतीच घ्या, काही होत नाही—"

देवाने जिभेला हाड दिलं नाही, ते अशा घटकेलाच जाणवतं.

"मास्तरांचं पोट जळतं, माझं नाही?" तो हळूच म्हणाला. "म्हणजे... माझी खोटी."

तिला नाही म्हणवेना. "खरी देते. आत्ता देते. कुणाला कळणार नाही."

"तुम्हाला कळेल. आणि माझ्यामागून येणाऱ्या रोग्यांना खोटं उत्तर मिळेल. नको."

त्याच दुपारी तिने डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. त्याला त्या प्रयोगातून वगळलं, तिला खिडकीवरून हलवलं. आणि पुढच्या तपासणीत त्याच्या यकृतावर डाग दिसला. खरी गोळी असती तर दिसला नसता? कोण सांगणार! गोळीत गुण आहे की नाही, हेच अजून कुणाला ठाऊक नव्हतं. पण तो प्रश्न तिच्या उरात रुतून बसला.

इस्पितळाच्या ओसरीवरच्या बाकावर ती बसली होती. तो शेजारी येऊन टेकला.

"रागावला असाल माझ्यावर," ती म्हणाली.

"रागावलोय ना! इतके दिवस खिडकीतून बोललात, कधी बाहेर आलात का?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला..."

"आता मी तुमचा रोगी नाही. कुठला नियम मोडत नाही, म्हणून विचारतो." तो तिच्याकडे वळला. "दिवस थोडेच असतील. येशील माझ्या घरी?"

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता. तिने डोळे पुसले, पण ते कोरडे होईनात.

"थोडे, फार कशाला मोजतोस?" ती म्हणाली. "असतील तेवढे सगळे दे."

त्या दोघांना एक पावसाळा मिळाला. दुसरा नाही.

तर माझ्या माणसांनो, त्या गोळीने उद्या कुणी तरलंच, तर देवापुढे हात जोडताना पिठाच्या गोळ्या निमूट गिळणाऱ्यांचीही आठवण काढा. त्यांच्यावाचून खऱ्याची पारख होत नाही. आणि त्यांच्यातल्या त्या चष्मेवाल्याची... जरा जास्त काढा.