मूळ कादंबरीप्रमाणे

आमच्या नाशिकच्या सिनेमंडळात आधी कादंबरीचा शेवट वाचतात, मग तिच्यावरचा सिनेमा बघतात आणि नंतर चहा पीत सिनेमाला नावं ठेवतात. ही मंडळाची शिस्त. मी सचिव, त्यामुळे वाचन माझ्याकडे. चहाही.

त्या जुन्या सिनेमाचं शूटिंग निफाडजवळच्या एका गावात झालं होतं. कादंबरीत शेवटी एक पोर चुकलेल्या करडामागे उसात शिरते आणि परत येत नाही. दिग्दर्शकाला दया आली असावी. सिनेमात ती करडू कडेवर घेऊन बाहेर येते. त्या पोरीचं काम केलेल्या चिमणाबाई आता पार थकल्या होत्या. त्यांच्या बहिणीची नात स्नेहा त्यांना नाशिकमधल्याच द्वारका चौकातून रिक्षानं आणायची. पहिल्या रांगेत बसून त्या स्वतःला बघून हसायच्या.

"शेवट भोंगळ आहे," दीपक म्हणाला. तो अंबडच्या कारखान्यात माल तपासतो. त्याला दोष दिसल्याशिवाय चैन पडत नाही. "मूळ कादंबरीप्रमाणे हवा होता."

वाद मिटेना, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा वाचन, पुन्हा सिनेमा.

या खेपेला पोर बाहेर यायला फार वेळ लागला. नुसती पाती हलत राहिली. लॅपटॉप अडकला असेल, असं मी म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी ती आली, पण रिकाम्या हातांनी. घाबरलेली.

"बघा, किती संयत शेवट आहे!" दीपक खूश झाला. "मागे आपण नीट पाहिलंच नव्हतं."

चहाच्या वेळी चिमणाबाईंनी माझी बाही धरली. त्यांच्या हातांवर पात्यांनी कापल्यासारखे ताजे ओरखडे होते.

"भाऊ, पुस्तकवाल्यानं मला मारलं, सिनेमावाल्यानं वाचवलं. तुम्ही कोण मधले? ते वाचू नका आता. मला वाट सापडत नाय."

"नाही वाचणार," मी म्हणालो.

मंडळानं रीतसर मतदान घेतलं. एका म्हातारीच्या भीतीपायी साहित्याशी बेइमानी नको, असं ठरलं. मी शब्द पाळला, वाचलं नाही. दीपकनं वाचलं. माझ्यापेक्षा चांगलं वाचलं.

पोर उसात शिरली.

पाती हलली.

मग हलायची थांबली.

कुणीच बाहेर आलं नाही.

टाळ्या पडल्या. दिवे लागले. पहिल्या रांगेत स्नेहा एकटीच होती.

"चिमणाबाई कुठायत?" मी विचारलं.

"आजीची बहीण? ती लहानपणीच गेली ना, याच शूटिंगच्या वेळी. उसात शिरली, सापडलीच नाही." तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "काका, तुम्हाला तिचं नाव कुणी सांगितलं?"

ती निघाली. तिचा उजवा हात कोपरात वाकलेला होता. पायरीशी ती थांबली आणि बाजूला बघून हळूच म्हणाली, "सावकाश हं."

रिक्षात ती एका कडेला सरकून बसली.