चांदणी नसलेलं दार

सुरतेत, उधन्याच्या बाजारात नाताळच्या कागदी चांदणीला एकदम दोन हात लागले. एक उज्ज्वलाचा, दुसरा... अनोळखी.

"मी आधी पाहिली ही," उज्ज्वला म्हणाली.

"मग घ्या की! मला न्हाईच लावायची. शेजारच्या मालतीबाईंसाठी नेत होतो."

"तुम्ही ख्रिस्ती नाही?"

"हाय. पण नाताळ पाळणं मनाला पटत न्हाई. सगळे दिवस देवाचेच. एकाचेच लाड कामून करायचे?"

नाताळ न पाळणारा ख्रिस्ती! उज्ज्वलाला हे मीठ नसलेल्या आमटीसारखं वाटलं. पण बोलताना तो हसायचा फार छान, ही पंचाईत होती.

कुंदन साळवे मूळ जालन्याचा, जवळच्या भेस्तानला कापडाच्या लूमवर कामाला. पुढच्या रविवारी तो उधन्याच्या मराठी उपासनेत मागच्या बाकावर दिसला. त्याच्या पुढच्याही.

"रविवार पाळतोस ने?" बाहेर पडताना तिनं सुरती ढंगात चिडवलं.

"तू गातेस ना... म्हणून जरा जास्तच."

उज्ज्वलाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"नाताळात गाणी म्हणत घरोघर फिरता तुम्ही," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडं येशील?"

"तुला तर नाताळ नको!"

"तुला हवाय ना? घर माझं, गाणं तुझं. येशील?"

"येईन," ती म्हणाली आणि पळालीच.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पेटी-ढोलकी घेऊन मंडळी भेस्तानच्या चाळीत शिरली. ओळखीच्या प्रत्येक दाराला चांदणी होती. कुंदनचं दार तेवढं ओकंबोकं. ते लोटलेलं होतं, फटीतून उजेड येत होता.

"हे तर आपल्या उज्ज्वलाच्या त्यांचं घर!" तिची मैत्रीण मयुरी खिदळली. सगळे उज्ज्वलाकडे पाहू लागले.

उज्ज्वला भांबावली. काहीतरी बोलून सुटायचं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "कसलं माझं? दाराला चांदणी नाही, त्या घरात येशूला जागा नाही. चला पुढं!"

हशा पिकला. विश्वासणाऱ्याचं घर गाण्यावाचून ओलांडायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं... तरी मंडळी पुढं गेली.

शेजारी मालतीबाईंकडे गाणं झालं. म्हातारी म्हणाली, "कुंदनकडं लवकर उरकलं गं? पोरानं आज कामाला दांडी मारली. चहाचं पातेलं माझं नेलं, चटया साऱ्या चाळीतून गोळा केल्या."

उज्ज्वलाला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. दार तर नुसतं लोटलेलं होतं. त्यानं सगळं ऐकलं असणार.

ती एकटीच मागे फिरली, दार ढकलून आत गेली. चटया अंथरलेल्या होत्या. कुंदन पातेल्यावर झाकण ठेवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"मयुरी हसली ना... म्हणून मी... मला फार लाज वाटते रे. तू माझ्या सणासाठी बैठक घातलीस, आणि मी तुझ्या श्रद्धेची टिंगल केली. तुझ्याच दारात."

"दुसरं कोणी बोललं असतं तर हसलो असतो," तो म्हणाला. "तू बोललीस... म्हणून लागलं."

ती तशीच बाहेर गेली. सगळ्यांसमोर, रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी वाईट बोलले. तो त्याच्या मनाला स्मरून वागतो, मी माझ्या. त्याच्या घरी येशूला जागा आहे की नाही, हे ठरवणारी मी कोण? चला, आत गाऊ या."

मयुरी आता खिदळली नाही. मंडळी आत आली, गायली. उज्ज्वलाचा सूर दोनदा तुटला. कुंदन गायला नाही, पण हात जोडून उभा राहिला आणि सगळ्यांना गरम चहा दिला. तिच्या हातात शेवटचा कप देताना तो थांबला.

"पुढच्या वर्षी मंडळीबरोबर येऊ नको."

ती दचकली. "अजून राग आहे?"

"न्हाई. घरातच राहा... मंडळी आली की दार तू उघड. सण तुझ्या मनासारखा कर, मी आडवा येणार न्हाई."

उज्ज्वलाला काही केल्या मान वर करवेना. कपाकडे बघतच ती म्हणाली, "उघडीन."