आईच्या हाताच्या उंचीवर

"ही टाइल घेऊ नका."

मी मागे वळून पाहिलं. विजय नगरच्या सहा दुकानांत पाय झिजवून मी ती पांढरीशुभ्र, चकचकीत टाइल शोधली होती. आणि हा कोण शहाणा, मला शिकवणारा?

"तुमच्या घरी लावायचीय का?"

"नाही. पण तुमच्या घरी कुणी वयस्कर असेल तर पाय घसरेल."

मी टाइल खाली ठेवली. घरी आई होती, आणि काचबिंदूने वर्षभरात आईची नजर जवळजवळ गेली होती. चांगल्या उजेडात आकार तेवढे दिसायचे.

त्याचं नाव अश्वजित. इंटीरियर डिझाइनर, नाशिकहून वर्षापूर्वीच इंदूरला आलेला. मी म्हटलं, "बरं झालं भेटलात. आमच्या घराचं काम होतच आलंय. पडदे आणि रंग तेवढे सांगून द्या."

"म्हणजे भिंती, वायरिंग, नळ... सगळं झालं?"

"हां. डिझाइनर तर लास्टमध्येच येतो ना?"

"वरातीमागून घोडं," तो म्हणाला आणि हसला. खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही.

रविवारी तो राऊला आमच्या घरी आला. बाबा महूला फौजेत असताना त्यांनी बांधलेलं हे चार खोल्यांचं घर. बाबा गेले, ज्ञानदीपदादा नागपूरचा झाला, उरलो आई आणि मी. आईला सोपं जावं म्हणून मी हौसेने घर नवं करायला काढलं, तर अर्ध्या कामातच तिने धोशा लावला — "मी ज्ञानदीपकडे जाते. कायमची." दादाने तिकीटही काढलं. का जातेस विचारलं की ती विषय बदलायची. आईशिवाय या घरात मी काय करणार होते?

अश्वजितने टेप बाहेर काढलीच नाही. म्हणाला, "तुमची ओढणी द्या जरा."

"क्यूं?"

त्याने ती घेतली, स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधली आणि आईपुढे हात केला. "काकू, घर दाखवा."

दोघं निघाली. बाथरूमच्या दाराशी आईचा हात भिंतीवर गेला, चाचपडला, रिकामाच परत आला. तीस वर्षं तिथे दिव्याचं बटण होतं. मी ते पलीकडच्या नव्या बोर्डावर नेलं होतं. पुढे स्वयंपाकघरापाशी ती हवेतच काहीतरी शोधत थांबली.

"काकू, इथे काय होतं?"

"भिंत होती रे बाबा. तिला हात लागला की कळायचं, आता उजवीकडे वळायचं." मग अगदी हळू, "नव्या घरात मला माझंच घर सापडत नाही. धम्माला सांगू कसं? पोर इतक्या हौसेने करतेय."

मी दारात उभी होते. मला रडू कोसळलं.

अश्वजितने ओढणी सोडली. मिस्त्रीकडचा गेरू त्याने पाण्यात कालवला आणि आईचे दोन्ही तळवे त्यात बुडवले. "काकू, घरभर फिरा. हात जिथे जाईल तिथे जाऊ द्या."

तासाभराने घरभर आईचे लाल हात उमटले होते. दाराजवळ, वळणावर, पलंगाच्या वर — सगळे माझ्या खांद्याच्याही खाली. मी तोंडाचा आ करून बघत राहिले. आई या घरात इतकी वर्षं कशी चालत होती, ते मी पहिल्यांदा पाहत होते. पोटच्या लेकीला जे दिसलं नाही, ते या परक्या माणसाने डोळे बांधून पाहिलं. मला त्याच्याकडे नीट बघवेना... आणि नजर काढवेना.

"मॅडम, फिर से तोडफोड?" मिस्त्री कुरकुरला.

"भिया, ही भिंत कंबरेइतकी उठवायची," अश्वजित म्हणाला. "बटणं जिथे ठसे आहेत तिथे."

"तुम्ही पण इंदूरवाल्यांसारखं भिया म्हणायला लागले?" मी डोळे पुसत विचारलं.

"संगतीचा परिणाम," तो म्हणाला आणि उगाच मिस्त्रीकडे बघत राहिला.

पुढचे तीन आठवडे तो रोज सकाळी यायचा. मी पोह्यांवर मूठभर शेव घालायची, तो मुकाट खायचा. एकदा म्हणाला, "नाशिकला यांना शेवेवर पोहे म्हणतात." आई इतकी हसली की तिला ठसकाच लागला.

शेवटच्या दिवशी तो कागद आवरायला लागला. मला ते बघवेना.

"माझी खोली राहिली ना," मी म्हटलं. "तिथे तर तुम्ही एक रेघ नाही मारली."

"कशी मारणार? तिथे कोण राहणार तेच ठाऊक नाही."

"मी राहणार."

"एकटीच...?"

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून निघाली. एक हात अर्ध्या भिंतीवरून सरकत होता, दुसऱ्या हातात छोटा ट्रे, त्यात दोन कप. मी धावणार, तर अश्वजितने माझं मनगट धरलं. "येऊ द्या त्यांना."

आई आली. पाय कुठे अडला नाही, चहा ट्रेमध्ये सांडला नाही. ट्रे टेबलावर ठेवून म्हणाली, "ज्ञानदीपला फोन लाव गं. तिकीट कॅन्सल कर म्हणावं." आणि आली तशी एकटीच परत गेली.

अश्वजित माझं मनगट सोडायचं विसरला होता. मीही आठवण करून दिली नाही.

"दोघांसाठी आखा," मी म्हटलं.